सीमाभागातील महाविद्यालयीन खेळाडू : शिष्यवृत्तीच्या मर्यादा आणि बदलीचे नियम

पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी हे कर्नाटकातील शहर. त्याच्या वेशीवरचे अर्जुननगर मात्र महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात येते. अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयाचा टपालाचा पत्ता ‘निपाणीमार्गे’ असा लिहिला जातो आणि त्याचा पिनकोड ५९१२३७ हा निपाणीचाच आहे. पण महाविद्यालय संलग्न आहे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. निपाणी शहरातील केएलई संस्थेचे जी. आय. बागेवाडी महाविद्यालय बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत आहे. एकाच गल्लीतील दोन मुले या दोन महाविद्यालयांत गेली, तर त्यांची पुस्तके थोडीफार सारखी असतील. परंतु ती मैदानावर उतरतील दोन वेगळ्या विद्यापीठांच्या नावाने, दोन वेगळ्या विभागांतून आणि दोन वेगळ्या राज्यांच्या नियमांखाली.

बारावीनंतर प्रवेश घेताना हा फरक सहसा कोणी समजावून सांगत नाही. तो कळतो तीन-चार वर्षांनी, पदक हातात असते आणि त्याचा उपयोग कोठे होईल हे शोधण्याची वेळ येते तेव्हा. गोव्यातील अनेक विद्यार्थी अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा विधी शिक्षणासाठी बेळगावला जातात. त्यांनाही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने भेटतो. म्हणून महाविद्यालयीन खेळाडूची शिष्यवृत्ती आणि एका संस्थेतून दुसरीत जाण्याचे नियम नीट समजून घेणे आवश्यक आहे.

जुनी वाट : परवान्याविना बदली

या पट्ट्यातील खेळाडूने सीमा ओलांडणे नवे नाही. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यातल्या एकसंबा गावचे. कुस्तीसाठी ते कोल्हापूरला आले, तेथील तालमीत घडले आणि १९५९ मध्ये पंजाबच्या बंतासिंगला हरवून त्यांनी हिंदकेसरीची गदा मिळवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. तालमीत प्रवेशासाठी वस्तादाचा होकार पुरेसा असे. राहणे तालमीत, खुराक गावाकडून किंवा आश्रयदात्याकडून. हीच त्या काळची शिष्यवृत्ती होती.

खेळ विद्यापीठांच्या आणि संघटनांच्या चौकटीत आल्यावर दोन प्रश्न निर्माण झाले. एका संस्थेने किती खेळाडूंना किती मदत द्यावी? आणि मदत घेतलेला खेळाडू दुसरीकडे गेला तर त्याला लगेच खेळू द्यावे की थांबवावे? या प्रश्नांवर सर्वांत बारकाईने नियम झाले ते अमेरिकेत. तेथील महाविद्यालयीन बेसबॉल हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

बेसबॉल आणि ११.७ हा आकडा

अमेरिकेत ‘एनसीएए’ ही संघटना महाविद्यालयीन खेळांचे नियमन करते. तिच्या पहिल्या श्रेणीतील फुटबॉल संघाला अनेक वर्षे ८५ आणि पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला १३ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. बेसबॉलच्या वाट्याला आल्या फक्त ११.७. हा अपूर्णांकी आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचे गणित सरळ आहे. पूर्वी मर्यादा १३ होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी खर्च आटोक्यात आणण्यासाठी सर्वत्र १० टक्के कपात झाली आणि १३ चे ११.७ झाले.

मुख्य फरक पुढे आहे. फुटबॉलमध्ये शिष्यवृत्ती एका खेळाडूला पूर्ण द्यावी लागे. बेसबॉलमध्ये ती विभागता येई. २००८ नंतरच्या नियमांनुसार संघात जास्तीत जास्त ३५ खेळाडू, त्यांपैकी मदत मिळणारे जास्तीत जास्त २७ आणि प्रत्येकाला किमान २५ टक्के अशी चौकट ठरली. ११.७ शिष्यवृत्त्या २७ जणांत समान वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४३ टक्के येतात. उरलेले शुल्क कुटुंबाने भरायचे किंवा गुणवत्तेच्या नाही तर आर्थिक गरजेच्या वेगळ्या शिष्यवृत्तीतून उभे करायचे. बेसबॉलसाठी ‘शिष्यवृत्ती मिळाली’ याचा अर्थ शिक्षण मोफत झाले असा क्वचितच होत असे.

श्रेणी बदलली की आकडाही बदलतो. एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीत बेसबॉलसाठी ९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पहिल्या श्रेणीत खेळणारी हार्वर्ड, येल यांसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठेही ती देत नाहीत. तेथे मदत आर्थिक गरजेनुसार मिळते. याउलट दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या वरच्या श्रेणीत २४ शिष्यवृत्त्यांची मुभा असते. त्यामुळे अनेक बेसबॉलपटू आधी दोन वर्षे तेथे खेळून मग मोठ्या विद्यापीठात जातात.

जून २०२५ मध्ये ही चौकट मोडली. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीच्या संख्येवरील मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाच्या आकारावर मर्यादा आली. बेसबॉलसाठी ती ३४ खेळाडूंची आहे. विद्यापीठाची ऐपत असेल तर या ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. मात्र संघ लहान झाल्याने, शिष्यवृत्तीविना संघात राहून संधीची वाट पाहणाऱ्या मुलांसाठीची जागा आकसली. आधीपासून संघात असलेल्या आणि या बदलामुळे जागा गमावण्याची वेळ आलेल्या खेळाडूंना तडजोडीत सवलत ठेवावी लागली, ती यामुळेच.

बदलीचा नियम कसा सैल झाला

बदलीबाबत अमेरिकी नियम पूर्वी कडक होता. चार वर्षांच्या एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या बेसबॉलपटूला २००८ पासून सामान्यतः एक वर्ष स्पर्धेबाहेर बसावे लागे. त्या वर्षात तो वर्गात बसे, सराव करी. पण सामना खेळू शकत नसे. प्रशिक्षक मात्र करार संपताच दुसऱ्या विद्यापीठात जाऊन त्याच हंगामात संघ उतरवू शकत. हा दुजाभाव वारंवार टीकेचा विषय झाला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये बदली इच्छुकांची सामाईक नोंदवही सुरू झाली. खेळाडूने तीत नाव नोंदवण्याची मागणी केली की विद्यापीठाला ती अडवता येत नाही आणि इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलणी करू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांतील खेळाडूंना एकदा बदली करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. पुढे न्यायालयीन आदेशानंतर एप्रिल २०२४ मध्ये बदल्यांच्या संख्येवरील बंधनही उठले. अट एकच उरली : अभ्यासात आवश्यक प्रगती हवी आणि ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवलेले हवे.

या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. तेथे वाद झाला तो खेळाडूचा हक्क मोठा की संस्थेचा, याविषयी. आणि निकाल हळूहळू खेळाडूच्या बाजूने गेला. भारतात, विशेषतः बेळगाव-निपाणी पट्ट्यात, हा वाद अजून नीट मांडलाही गेलेला नाही. येथे खेळाडूची ओळख त्याच्या संस्थेला, विद्यापीठाला आणि अधिवासाला बांधलेली आहे.

भारतीय विद्यापीठ संघाची चौकट

देशातील आंतरविद्यापीठ स्पर्धा १९२५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या, नियमांनुसार होतात. कबड्डी, क्रिकेट, फुटबॉलसोबत बेसबॉलही या स्पर्धांच्या यादीत आहे. खेळाडू पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असावा, पूर्णवेळ नोकरीत नसावा, वय १७ ते २५ च्या दरम्यान असावे आणि एका शैक्षणिक वर्षात त्याने एकाच विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करावे, या त्यातील ठळक अटी आहेत. वयाची आणि सहभागाच्या वर्षांची अट वेळोवेळी बदलत आली असल्याने त्या वर्षाचे परिपत्रक पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

काही खेळांच्या थेट अखिल भारतीय स्पर्धा होतात. परंतु कबड्डी, फुटबॉल, क्रिकेट यांसारख्या खेळांत आधी विभागीय फेरी असते. शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते, तर कर्नाटकातील विद्यापीठे दक्षिण विभागात. म्हणजे देवचंद महाविद्यालयातील निपाणीचा कबड्डीपटू महाराष्ट्र-गुजरातच्या संघांशी झुंजेल आणि बागेवाडी महाविद्यालयातील त्याचा शेजारी तमिळनाडू-केरळच्या संघांशी. कोणत्या विभागात चुरस अधिक आणि विद्यापीठाच्या निवड चाचणीला स्पर्धक किती, यावर एखाद्याची संपूर्ण कारकीर्द वळण घेऊ शकते.

बेळगाव शहरात गुंतागुंत आणखी वाढते. कला-वाणिज्य शाखेचा विद्यार्थी २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून खेळतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाकडून आणि विधी शाखेचा विद्यार्थी हुबळीच्या राज्य विधी विद्यापीठाकडून. केएलईच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अभिमत विद्यापीठ आणखी वेगळे. एकाच मैदानावर सकाळी एकत्र धावणारी चार मुले चार विद्यापीठांची असू शकतात. पदवीनंतर कायद्याला प्रवेश घेतला, तर शहर न सोडताही संघ बदलतो.

पदवी अर्धवट असताना सीमा ओलांडणे

पदवी पूर्ण करून दुसऱ्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश घेणे सोपे असते. जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचा पात्रता दाखला मिळाला की मार्ग मोकळा होतो. अडचण येते ती मधल्या वर्षी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीची व्यवस्था आणली. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता यावेत, हा तिचा हेतू. परंतु कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीचा आराखडा स्वीकारला, तर महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांपर्यंतची रचना चालू आहे. दोन्हीकडचे विषय आणि श्रेयांक तंतोतंत जुळतील याची शाश्वती नसते.

दुसरे असे की, श्रेयांक पेढी अभ्यासाची नोंद हलवते, खेळाची नाही. नव्या विद्यापीठात प्रवेश कायम होईपर्यंत, म्हणजे पात्रता दाखला हाती येईपर्यंत, खेळाडूचे नाव संघात टाकणे धोक्याचे असते. आक्षेप आला तर त्याच्यासोबत संघही अडचणीत येतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या आसपास रंगात येतो. जुलैत प्रवेश घेतलेल्याचे कागद डिसेंबरमध्ये पूर्ण झाले, तर अमेरिकेसारखा ‘एक वर्ष बाहेर’ हा नियम लिहिलेला नसतानाही वर्ष वाया जाते.

मदत कोणाची आणि ती कोणाबरोबर जाते

भारतात महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारी मदत तीन प्रकारची असते. पहिली संस्थेची : शुल्कमाफी, वसतिगृह, गणवेश, प्रवासभत्ता. ती संस्थेपुरतीच असते. महाविद्यालय सोडताच संपते. तिच्यावर अमेरिकेप्रमाणे देशव्यापी संख्यामर्यादा नाही, पण किमान मदतीची हमीही नाही. कोणती सवलत किती वर्षांसाठी, दुखापत झाल्यास ती चालू राहणार की नाही, हे लेखी स्वरूपात मिळवणारे पालक थोडेच.

दुसरी मदत राज्याची. कर्नाटकाच्या क्रीडा खात्याची वसतिगृहे हा तिचा उत्तम नमुना. बेळगाव तालुक्यातील तुरमुरी गावची मलप्रभा जाधव बेळगावच्या क्रीडा वसतिगृहात ज्युदो शिकली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने कुराश या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक जिंकले. राहणे, जेवण आणि प्रशिक्षक एकाच छताखाली मिळाल्याने ग्रामीण घरातील मुलगी कोठवर पोहोचू शकते, हे तिने दाखवले. अशी मदत राज्याच्या खेळाडूंसाठी असते. दुसऱ्या राज्याकडून खेळू लागल्यावर तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

तिसरी मदत केंद्राची. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या सुधारित ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, आठ वर्षे मदत देण्याची तरतूद आहे. त्यातील दरमहा १० हजार रुपये खेळाडूला हातखर्चासाठी मिळतात. उरलेली रक्कम प्रशिक्षण, आहार, साहित्य, स्पर्धा यांवर खर्च होते. कामगिरीचा आढावा घेतला जातो आणि घसरण झाल्यास नाव वगळले जाते. तरीही सीमाभागाच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे. ती महाविद्यालयाला किंवा राज्याला नव्हे, तर खेळाडूला मिळते.

दोन राज्यांचे दाखले

सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यासाठी महाराष्ट्राने काही दारे उघडी ठेवली आहेत. राज्याने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठीभाषक उमेदवारांना, १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर, महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाचा हा आधार भरतीच्या जाहिरातींत नमूद असतो. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात या विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा, असे दोन दाखले लागतात.

कर्नाटकाचीही अशीच तरतूद आहे. महाराष्ट्रातील जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतील कन्नडभाषक विद्यार्थ्यांना तेथील सामाईक प्रवेश प्रक्रियेत ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून स्थान मिळते. सर्वसाधारण विद्यार्थ्याला मात्र कर्नाटकात किमान सात वर्षांचे शिक्षण आणि तेथूनच पात्रता परीक्षा उत्तीर्ण, ही मुख्य अट पाळावी लागते. निपाणीचा विद्यार्थी अकरावी-बारावीसाठी दीड-दोन किलोमीटरवर महाराष्ट्रात गेला, तर त्याची पात्रता परीक्षा दुसऱ्या राज्याची ठरते. पर्यायाने कर्नाटकातील सामाईक प्रवेश आणि त्यातील क्रीडा राखीव जागा, दोन्हींवरचा त्याचा दावा कमकुवत होतो. घरापासूनचे अंतर मोजून घेतलेला निर्णय असा दूरवर परिणाम करतो.

नोकरीचा प्रश्न याहून नाजूक. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी अधिवासाबरोबरच क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते आणि त्यात खेळाडूने कोणाचे प्रतिनिधित्व केले हे तपासले जाते. रहिवासाचा दाखला आणि क्रीडा प्रमाणपत्र हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. अधिवास एका राज्याचा आणि पदके दुसऱ्या राज्याच्या संघातून मिळालेली, अशी स्थिती झाली तर खेळाडू दोन्ही दारांशी ताटकळू शकतो.

चंदगड तालुक्यातील विद्यार्थ्यांची बाजू याच्या उलट आहे. ते महाराष्ट्राचे रहिवासी. पण त्यांना जवळचे मोठे शहर बेळगाव. तेथील महाविद्यालयात त्यांनी मिळवलेले यश राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या नावावर जमा होते. गोव्यातून बेळगावला जाणाऱ्या खेळाडूंनीही हे ध्यानात ठेवावे : विद्यापीठाचा संघ बेळगावचा असला, तरी राज्याच्या संघासाठी गोव्याच्या संघटनेशी असलेली नोंदणी तुटू देऊ नये.

संघटनेचा नाहरकत दाखला

विद्यापीठाबाहेरच्या स्पर्धांत राज्य संघटनेचा शब्द चालतो. क्रिकेटमध्ये राज्य बदलायचे तर आधीच्या संघटनेचा नाहरकत दाखला लागतो. गोमंतकीय वाचकांना याची उदाहरणे परिचित आहेत. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याकडे आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रणजी पदार्पणात त्याने राजस्थानविरुद्ध शतक झळकावले. यशस्वी जैस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडे येण्यासाठी मुंबईकडे दाखला मागितला आणि पुढच्याच महिन्यात ती मागणी मागे घेतली. नामवंत खेळाडूला दाखला पत्रावर मिळतो. निपाणीच्या किंवा खानापूरच्या अपरिचित मुलाला त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. अमेरिकेतील सामाईक नोंदवहीने नेमकी हीच अडवणूक संपवली.

प्रवेशापूर्वी काय पाहावे

विद्यार्थी आणि पालकांनी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

१. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि आपल्या खेळात ते विद्यापीठ कोणत्या विभागात खेळते.

२. संस्था देत असलेली सवलत किती वर्षांची आहे. दुखापत, अनुत्तीर्ण विषय किंवा संघातून वगळले जाणे यांचा तिच्यावर काय परिणाम होतो. उत्तर लेखी घ्यावे.

३. पुढे नोकरी किंवा व्यावसायिक शिक्षण कोणत्या राज्यात हवे आहे. दहावी, बारावी आणि खेळातील प्रतिनिधित्व शक्यतो त्या राज्याशी जुळते ठेवावे.

४. रहिवास, मातृभाषा आणि जन्म यांचे दाखले वेळेत काढून ठेवावेत. तिन्हींतील नावाचे शुद्धलेखन एकसारखे असावे. कन्नड आणि मराठी कागदपत्रांत आडनाव वेगळे उमटल्याने होणारा खोळंबा या भागाला नवा नाही.

५. बदली करायचीच असेल तर ती पदवी पूर्ण झाल्यावर करणे सोयीचे. मधल्या वर्षी जाणे अपरिहार्य असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा.

६. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, संघयादी आणि निकालपत्रक यांच्या साक्षांकित प्रती जपून ठेवाव्यात. पडताळणीच्या वेळी पदकापेक्षा कागद बोलतो.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. विद्यार्थी व्हिसावर काम करून कमाई करण्यास कडक बंधने असल्याने तेथील खेळाडूंना जाहिरातींतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर शुल्काचे गणित मांडू नये. शिष्यवृत्तीची टक्केवारी आणि तिचे नूतनीकरण दरवर्षी होते का, हेच पाहावे.

बेळगाव सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तेथे जे व्हायचे ते आपल्या गतीने होईल. मैदानावरचे वय मात्र थांबत नाही. आंतरविद्यापीठ खेळाडूला सतरा ते पंचवीस एवढीच वर्षे मिळतात. शिवाजी आणि राणी चन्नम्मा ही दोन शेजारी विद्यापीठे पात्रता दाखले हंगामापूर्वी देण्याची एखादी सामाईक मुदत ठरवू शकली आणि दोन्ही राज्यांच्या क्रीडा खात्यांनी सीमाभागातील खेळाडूची प्रमाणपत्रे परस्परांस मान्य केली, तर त्यासाठी सीमाप्रश्न सुटण्याची वाट पाहावी लागणार नाही.